गाजलेल्या भाषणाची पहिली छापील प्रत कशी शोधायची, ओळखायची आणि जपायची: नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हा मी दरवर्षी निदान दोन दिवस तिथे असतोच, आणि दरवर्षी कोणीतरी मुलगा किंवा मुलगी हातात पातळशी पुस्तिका घेऊन विचारते, काका ही बाबासाहेबांच्या भाषणाची पहिली आवृत्ती आहे ना, बघा इथे लिहिलंय 'प्रथमावृत्ती'. लिहिलेलं असतं खरं. पण त्याच पानावर किंमत 20 रुपये असते आणि मुखपृष्ठावर नावाआधी 'भारतरत्न' असतं. भारतरत्न मिळालं 1990 ला, म्हणजे ती पुस्तिका 1990 च्या आधीची असूच शकत नाही. 'प्रथमावृत्ती' म्हणजे त्या प्रकाशकाने पहिल्यांदा छापली एवढाच अर्थ, भाषण जगात पहिल्यांदा छापलं गेलं असा नाही. प्रकाशक फसवत नाही बरं का, तो त्याच्यापुरतं खरंच लिहितो, फक्त आपण वाचताना गडबड करतो.

गेली कित्येक वर्षं मी भाषणांच्या जुन्या छापील प्रती गोळा करतोय आणि मला जे कळलं ते सगळं एका जागी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. पुस्तकं गोळा करणारे खूप आहेत, पण भाषणांच्या पुस्तिका, पत्रकं, परिषदेचे अहवाल हे लोक अजून सर्रास रद्दीत घालतात. सोळा-वीस पानांचं चोपडं, ना जाड पुठ्ठा ना सोनेरी अक्षरं, कोण जपणार. आणि नेमकं तेच चोपडं त्या दिवशी मांडवात बसलेल्या माणसाच्या हातात होतं, पुढे निघालेल्या जाडजूड खंडाचं तसं नसतं.

पहिलं काम: 'पहिलं' म्हणजे कुठलं ते ठरवा

कादंबरीचं सोपं असतं, लेखकाने लिहिली, छापली, संपलं. भाषण आधी बोललं जातं आणि मग (किंवा कधीकधी आधीच) छापलं जातं, त्यामुळे एकाच भाषणाच्या चार-पाच 'पहिल्या' छापील प्रती असू शकतात आणि मजकूर प्रत्येकीत थोडा वेगळा असतो.

एक म्हणजे आधी छापून सभेत वाटलेली प्रत. काँग्रेसच्या अध्यक्षांची भाषणं अशी यायची, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची तर आजही येतात. दुसरी म्हणजे दुसऱ्या दिवशीचं किंवा त्या आठवड्याचं वर्तमानपत्र. तिसरी, स्वतंत्र पुस्तिका. चौथी, परिषदेचा किंवा सभागृहाचा अधिकृत अहवाल. आणि पाचवं म्हणजे नंतर निघालेले समग्र खंड, ते वाचायला आणि ताडून पाहायला हवेतच पण 'पहिलं' म्हणून त्यांचा विचार करायचा नाही.

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण घ्या. 19 नोव्हेंबर 1863 ला झालं आणि 20 तारखेच्या पेपरात आलं, म्हणजे पहिली छपाई वर्तमानपत्राची. पुस्तिका नंतर आल्या, आणि त्यातही त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते म्हणून त्यांचं लांबलचक भाषण पुढे आणि लिंकनची ती दोन मिनिटं मागे कुठेतरी. विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं शिकागोचं भाषण धर्मपरिषदेच्या अधिकृत अहवालात सापडतं, जॉन हेन्री बॅरोज यांनी संपादित केलेले दोन जाड खंड, 1893 मध्येच शिकागोत छापलेले, पण परिषदेच्या बातम्या तिथल्या पेपरांत त्याआधीच येत होत्या. टिळकांची 1916 ची बेळगाव आणि अहमदनगरची स्वराज्यावरची भाषणं तर सरकारी शॉर्टहँडवाल्यांनीही उतरवून घेतली होती कारण त्यांच्यावर खटला भरायचा होता. म्हणजे सभेतल्या माणसाच्या टिपणावरून छापलेलं भाषण आणि पोलिसांच्या टिपणावरून कोर्टात वाचलेलं भाषण, दोन्ही त्याच माणसाचं, त्याच संध्याकाळचं.

आणि मग 1936 चं बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण, इंग्रजी नाव 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणातला मजकूर पाहून बिचकले, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. म्हणजे हे भाषण कधी बोललंच गेलं नाही, जे आहे ते छापील प्रतीतच आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहिलंय की पहिल्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. आठ आणे किंमत होती. त्या दीड हजारातल्या किती उरल्या असतील याचा विचार करून मला आजही पोटात कालवतं.

म्हणून वहीत प्रत्येक भाषणासाठी एक पान करा. तारीख, गाव, कुठल्या भाषेत बोलले, कोणी उतरवून घेतलं, आधी कुठल्या पेपरात आलं, पुस्तिका कोणी छापली, पानं किती, किंमत किती. जे माहीत नाही ती जागा रिकामी ठेवा. ती जागा भरल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत हा नियम मी स्वतःला घालून घेतला तोही एकदा नुकसान झाल्यावरच, ते पुढे सांगतो.

दुसरं: विषय छोटा ठेवा, आपल्या गावापासून सुरू करा

सुरुवातीला सगळ्यांना गांधी, नेहरू, चर्चिल, लिंकन सगळं हवं असतं. लिंकनच्या मागे लागाल तर आयुष्यभराची पुंजी जाईल आणि हातात एक जुना पेपर येईल. त्यापेक्षा नागपूर बघा ना. 1891 ला इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष पी. आनंद चार्लू. डिसेंबर 1920 ला पुन्हा झालं, अध्यक्ष विजयराघवाचार्य, असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला. 8 ऑगस्ट 1930 ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद इथे. 18 आणि 19 जुलै 1942 ला पुन्हा परिषद, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची सुरुवात तिथली, आणि शिका, चेतवा, संघटित व्हा हा निरोपही त्याच नागपूरच्या सभेतला. मग 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षा आणि 15 ऑक्टोबरचं ते भाषण, जे त्याच महिन्यात 'प्रबुद्ध भारत'मध्ये आलं. (हे साप्ताहिक म्हणजे आधीचं 'जनता', फेब्रुवारी 1956 मध्ये नाव बदललं, हे लक्षात ठेवा कारण घरोघरी जुने अंक दोन वेगवेगळ्या नावांनी ठेवलेले सापडतात आणि लोकांना ते एकच आहे हे माहीत नसतं.) एका शहरात एवढं असताना बाहेर कशाला धावायचं!

अगदीच नवीन असाल आणि खिशाला परवडणारं काही हवं असेल तर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणांपासून सुरू करा, हा माझा मनापासून सल्ला. पुस्तिका छापलेल्या असतात, तारीख पक्की असते, अध्यक्ष कोण ते कुठेही मिळतं, त्यामुळे डोळा तयार होतो. 1938 ला मुंबईत सावरकरांनी लेखण्या मोडा आणि बंदुका घ्या म्हटलं, 1975 ला आणीबाणीत कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, असे मोठे प्रसंग त्या साखळीत आहेत. 2007 चं 80 वं संमेलन आपल्या नागपूरलाच झालं, अरुण साधू अध्यक्ष, त्याची पुस्तिका शहरात अजून कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असणारच. ती मिळवून बघा, हाताळून बघा, मग मागे मागे जा.

संदर्भ कुठे बघायचा

मराठी छपाईसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी हवीच, 1800 ते 1937 एक भाग आणि 1938 ते 1950 दुसरा. जुन्या वाचनालयात विचारा, संदर्भ विभागात असते. इंग्रज सरकारने 1867 चा छापखान्यांचा कायदा केला त्यामुळे दोन गोष्टी आपल्या फायद्याच्या झाल्या. एक, प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण, आणि प्रसिद्ध केलेलं असेल तर प्रकाशकाचंही नाव-गाव छापणं सक्तीचं झालं. दुसरं, प्रांताप्रांतात दर तीन महिन्यांनी छापलेल्या पुस्तकांची यादी निघायची, त्यात पानं, किंमत, कधीकधी किती प्रती छापल्या तेही असतं. मध्यप्रांताच्या याद्या बघायला मिळाल्या तर सोडू नका, नागपूरच्या छापखान्यांचं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

बर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे, महालात राष्ट्रीय वाचनालय आहे, अशा जुन्या संस्थांमध्ये जाऊन बसायची सवय लावा. ग्रंथपालांशी बोला. विकत घ्यायला नाही, खरी प्रत कशी दिसते ते बघायला जायचं. आणि घरी बसून आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन बघा, एखाद्या पुस्तिकेचा चांगला स्कॅन मिळाला तर पहिलं आणि शेवटचं पान फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, बाजारात तेच कामी येतं. बाबासाहेबांच्या भाषणांसाठी महाराष्ट्र शासनाच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे' या मालेचा खंड 18, तीन भागांत आहे, मराठी भाषणं आणि कुठलं भाषण कुठल्या अंकातून घेतलं त्याची नोंद. त्या नोंदी म्हणजे आपली शिकारीची यादी समजा.

शोध: कबाडी, घरं, ऑनलाइन

इतवारी, महाल, गांधीबाग या भागातल्या कबाड्यांशी ओळख करून घ्या. एकदा जाऊन काही मिळत नाही, दर पंधरा दिवसांनी जायचं, चहा प्यायचा, काय शोधतोय ते सांगून ठेवायचं. 'जुनी पुस्तकं' म्हणू नका, तो तुम्हाला जाड पुस्तकं दाखवतो. 'पातळ, पिन मारलेली, जुन्या टाइपाची चोपडी बाजूला ठेवा' असं सांगा. मला संमेलनाचं एक भाषण असंच मिळालं, शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात अडकलेलं, सुतळीचा वळ मुखपृष्ठावर तसाच उमटलेला. कबाडी म्हणाला, काकाजी हे तं रद्दी आहे, काहून एवढं उलटून उलटून पाहता. 30 रुपये दिले. पण घरी आल्यावर पुन्हा जाऊन त्याला सांगितलं की हे कशाचं आहे आणि मला का हवं होतं, आणि वर आणखी पैसे दिले. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी वेगळी पेटी ठेवतो. डीलर लोक म्हणतात असं सांगायचं नसतं. माझा अनुभव उलटा आहे.

सगळ्यात मोठा साठा घरांत आहे. जुन्या कार्यकर्त्यांची घरं, इंदोरा, पाचपावली, कामठी इकडे, आणि महाल-धंतोलीतली वकिलांची, मास्तरांची घरं. घर पाडून फ्लॅट स्कीम होते तेव्हा माळ्यावरची पेटी उतरते आणि दोन दिवसांत रद्दीत जाते. शब्द टाकून ठेवा सगळीकडे. पण घरात गेलात की आधी हे समजून घ्या की समोरच्यासाठी ती वस्तू 'कलेक्शन' नाही. इंदोऱ्यात एका आजींनी मला 'प्रबुद्ध भारत'चा अंक दाखवला, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला, उघडायच्या आधी त्यांनी तो कपाळाला लावला. घडीवर कागद पार तुटलेला होता आणि कडेचे तुकडे कापडात पडत होते. मी विकत मागितला नाही, ते सुचलंसुद्धा नाही. त्यांना विचारलं, मी याचा फोटो काढू का आणि याला नीट ठेवायची व्यवस्था करून देऊ का. त्याचं पुढे सांगतो.

ऑनलाइन विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून हे फोटो मागा: मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, शेवटचं छापील पान, मलपृष्ठ, आणि मधली पिन. 'रेअर', 'व्हिंटेज', 'ओरिजिनल' हे शब्द बघायचेच नाहीत. फोटो देत नसेल तर पुढे जायचं नाही.

प्रत हातात आल्यावर

आधी हात धुवून कोरडे करा. ग्लोव्हज नको, कापडी हातमोज्यात पातळ कागदाचा अंदाज येत नाही आणि कोपरे फाटतात. मग घाई न करता या क्रमाने बघत जा.

सगळ्यात आधी मुद्रकाची ओळ. शीर्षकपानाच्या मागे नाहीतर एकदम शेवटी, बारीक अक्षरात असते. मुद्रक, छापखाना, गाव. ही ओळच नसेल तर सावध व्हा, नुसती फोटोकॉपी बांधलेली असू शकते, किंवा मग (हेही होतं) बंदी असलेलं, लपून छापलेलं पत्रक असू शकतं, ते वेगळंच प्रकरण.

मग किंमत. आण्यांमध्ये असेल तर साधारण एप्रिल 1957 च्या आधीची, 'नये पैसे' असेल तर 1957 ते 1964 मधली, नुसते पैसे असतील तर त्यानंतरची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 च्या नंतरची, यात काही वादच नाही.

आणि आपल्या नागपूरच्या छपाईला तर गावाच्या नावातच तारीख लपलेली असते, ही गोष्ट मला फार आवडते. 'नागपूर, सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) किंवा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर 1950 च्या आधीचं. 'नागपूर, म. प्र.' वाचून लोक दचकतात, पण 1950 ते ऑक्टोबर 1956 नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं. 1 नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. म्हणजे दीक्षेचं भाषण झालं तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि सतरा-अठरा दिवसांतच मुंबई राज्यात. त्या भाषणाच्या पुस्तिकेवर 'महाराष्ट्र राज्य' असेल तर ती 1960 नंतरची, विषय संपला. मात्र उलटं धरून चालू नका, छापखानेवाले जुना पत्ता वर्षानुवर्षं बदलत नसत, म्हणून 'म. प्र.' दिसलं की लगेच 1956 असं नाही.

शुद्धलेखन बघा. 'कां', 'नाहीं', 'त्यामुळें', 'घरांत' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले. ते दिसले तर जुनं असण्याची शक्यता वाढते, पण एवढ्यावर भरवसा नको, जुने लेखक नंतरही तसंच लिहायचे. 'अि', 'अु' अशी अक्षरं दिसली तर सावरकरी लिपीचा प्रभाव, 1930-40 च्या आसपासच्या बऱ्याच छपाईत सापडते.

मग कागदाला स्पर्श. खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून छापलेल्या पानाच्या मागून बोट हलकेच फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो. दहा पटीच्या भिंगातून अक्षराच्या कडेला शाईची किंचित गडद रेघ दिसते, मधे फिकट. ऑफसेटला हे काही नसतं, सपाट. फोटोवरून पुन्हा छापलेल्या प्रतीत अक्षरांची पोटं भरलेली दिसतात, 'ब' आणि 'व' एकसारखे वाटायला लागतात, आणि मूळ प्रतीवरचे डागसुद्धा छापून आलेले असतात. मी एकदा कसरीने खाल्लेलं भोक बघितलं होतं, बोट लावलं तर भोक नव्हतंच, छापलेलं होतं.

नोटा तपासायचा निळा (यूव्ही) टॉर्च मिळतो तो घ्या. अंधाऱ्या खोलीत पानावर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदातच येतं. 1936 ची म्हणून दिलेली प्रत अशी चमकली की नमस्कार करून परत द्या. 1942 च्या सुमाराचा कागद तर बहुतेक हलका आणि तपकिरी असतो कारण युद्धात कागदाची टंचाई होती, त्या काळची पुस्तिका फारच पांढरीशुभ्र असेल तर मला शंका येते.

शेवटी मजकूर. तुमच्याकडचा स्कॅन काढा आणि पाचेक पानांवर प्रत्येक ओळ कुठल्या शब्दावर तुटते ते ताडून बघा. पुन्हा खिळे जुळवले की ओळी बदलतातच.

आता माझं नुकसान. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी 1936 ची प्रत म्हणून जातिनिर्मूलनाचं इंग्रजी भाषण घेतलं, शीर्षकपान फाटलेलं होतं म्हणून 'स्वस्तात', तरी माझ्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढं. आनंदात उघडलं आणि मागच्या पानांत गांधीजींची टीका आणि त्याला बाबासाहेबांचं उत्तर. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं जुलै 1936 ला, पुस्तिका निघाली मे मध्ये. मे मध्ये छापलेल्या पुस्तिकेत जुलैचा लेख येईल कसा? ती 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीची नाहीतर त्याच्याही नंतरची प्रत होती आणि नेमकं सांगणारं पानच फाडलेलं. वहीतल्या पानावर ती एक ओळ आधी भरलेली असती तर फोटो बघूनच कळलं असतं. ती प्रत मी ठेवली आहे, दुसरी आवृत्तीही वाचायलाच हवी अशी आहे, पण शीर्षकपान नसलेलं काहीही मी आता घेत नाही.

असंच संविधान सभेच्या वादविवादांचं. 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं समारोपाचं भाषण असलेले खंड 'ओरिजिनल' म्हणून विकायला येतात. त्यावर 'लोकसभा सचिवालय' छापलेलं असेल तर ते पुनर्मुद्रण, कारण 1949 ला लोकसभाच नव्हती. वाचायला उत्तम, पण पहिल्या छपाईचे पैसे देऊ नका.

किंमत

ठरलेला बाजारभाव असा काही नाही, मराठी पुस्तिकांना तर अजिबातच नाही. मी तीन गोष्टी बघतो: पानं पूर्ण आहेत का, मुखपृष्ठ मूळचं आहे का, आणि दुरुस्तीच्या नावाखाली सेलोटेप लावलीय का. पिवळेपणा चालतो, सही-नाव चालतं, कोणी पेन्सिलने खुणा केल्या असतील तर मला उलट जास्त आवडतं, कोणीतरी ते भाषण मन लावून वाचलं होतं. हरवलेलं पान चालत नाही.

शिक्के आणि कायदा

आत वाचनालयाचा शिक्का असेल तर 'रद्द' केल्याचा शिक्का किंवा नोंद आहे का ते बघा. नसेल तर त्या वाचनालयाला फोन करा. अर्धी वाचनालयं म्हणतात आम्ही काढून टाकलं होतं, आणि एकदा मला सांगितलं गेलं की ते चोरीला गेलेलं आहे, मी नेऊन दिलं. चोरीचा माल घेऊन इतिहास जपतोय म्हणणं मला पटत नाही. दुसरं, 1972 च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची कागदपत्रं 75 वर्षं जुनी झाली की पुरावशेष धरली जातात आणि सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातला भाचा कितीही मागे लागला तरी पार्सल करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

जपणं, आणि नागपूरचा कूलर

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मे मध्ये 45 च्या वर तापमान, हवा कोरडी ठक्क, कागद पापडासारखा होतो. मग आपण कूलर लावतो, आणि कूलरच्या खोलीत दिवसभर ओलसर वारा. दुपारी ओलं, रात्री कूलर बंद केला की पुन्हा कोरडं. कागद रोज फुगतो आणि आकसतो. पावसाळ्यात बुरशी. म्हणून पहिला नियम, संग्रह कूलरच्या खोलीत ठेवायचा नाही. बाहेरच्या भिंतीला लागून नाही, माळ्यावर नाही (स्लॅब तापतो), जमिनीवर नाही. घराच्या आतल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, लोखंडी कपाटात मधल्या कप्प्यात. पन्नासच्या आसपास आर्द्रता राहिली तर उत्तम, छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते कपाटात टाकून ठेवा आणि वर्षभर आकडे लिहा, तुमचं कपाट तुम्हालाच कळेल.

प्रत्येक पुस्तिका आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आणि फारच नाजूक असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक जाकिटात. साध्या पीव्हीसी फोल्डरमध्ये नको, शाई चिकटते. लॅमिनेशन म्हणजे कायमचा मृत्यू, कोणी कितीही सांगितलं तरी करू नका. सेलोटेप नको, फेविकॉल नको, डांबरगोळ्या कागदाला लागून नको. कडुनिंबाचा पाला आजी ठेवायची तो मलमलच्या पुरचुंडीत कप्प्याच्या कोपऱ्यात चालेल, पानांमध्ये घालू नका, डाग पडतात.

पिना गंजतात आणि गंज कागद खातो. पिन ओढायची नाही. कागद आणि पिन यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, मागची टोकं हळूच उभी करायची आणि पुढून उचलायची. जमत नसेल तर राहू द्या.

कबाड्याकडून आलेली कुठलीही वस्तू थेट कपाटात नाही. आधी ब्रशने झटकून झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायची आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. कसर आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तशीच राहू द्या नाहीतर कागदावर पाणी सुटतं. ओली किंवा बुरशी लागलेली वस्तू मात्र फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका, ती आधी वेगळी ठेवून पंख्याच्या हलक्या हवेत वाळवा, मास्क लावून. फाटलेलं जोडायचं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, पण ते जाणकाराकडूनच करून घ्या. लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, मोठी दुर्मिळ वस्तू असेल तर तिथे विचारता येतं.

नोंद आणि स्कॅन

कधी, कुठून, किती रुपयांना, कोणाच्या घरातून (त्यांची परवानगी असेल तर), काय काय तपासलं आणि काय निघालं, सगळं वहीत. पुस्तिकेवर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने मागच्या आतल्या कोपऱ्यात फक्त नंबर. स्कॅन करताना मशीनचं झाकण दाबू नका, पाठ मोडते, त्यापेक्षा वरून फोन स्टँडला लावून दोन्ही बाजूंनी सारखा उजेड देऊन फोटो घ्या. कोरी पानं, मलपृष्ठ, जाहिराती सगळं घ्या, जाहिरातीतल्या दुकानाच्या पत्त्यावरूनच मी एकदा एका पुस्तिकेचं साल ठरवलंय.

त्या इंदोऱ्याच्या आजींकडे मी पुढच्या रविवारी गेलो, स्टँड आणि दोन दिवे घेऊन. त्यांच्याच बैठकीत, त्यांच्यासमोर, एकेक पान उलटून फोटो काढले, तुटलेले तुकडे पॉलिएस्टरच्या जाकिटात जागच्या जागी मांडले, आणि आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी करून दिली. नऊवारीचा तुकडा त्यांना सोडवत नव्हता म्हणून पेटी त्यातच गुंडाळली. अंकाची मोठ्या अक्षरात छापलेली प्रत वाचायला वेगळी दिली, पेन ड्राइव्ह नातवाकडे दिला. मूळ अंक त्यांच्याच घरात आहे, माझ्या वहीत त्याच्या पानावर मालकाच्या रकान्यात 'आजी, इंदोरा' एवढंच लिहिलंय, आणि आता दर पावसाळ्याआधी जाऊन मी त्यातली सिलिका जेलची पुडी बदलून येतो.